लहान ट्रॅक्टर आणि गवतकापणी यंत्र : निगा व सुरक्षित वापर

बैलजोडी बाळगणाऱ्या शेतकऱ्यास बैलाचे दुखणे ओळखण्यास कोणी शिकवावे लागत नाही. बैलाने वैरणीस तोंड लावले नाही, रवंथ करणे थांबविले, कान पाडले किंवा त्याचा खांदा सुजला, की ती गोष्ट धन्याच्या तत्काळ ध्यानात येते आणि त्या दिवशी जोडी जुंपली जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून हे ज्ञान आलेले आहे. आज राज्यातील अनेक घरांत गोठ्याच्या जागी लहान ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा गवत कापण्याचे यंत्र उभे आहे. यंत्र घरात आले, परंतु त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर आपोआप आलेली नाही.

यंत्र मुके असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. यंत्रही आपले दुखणे सांगत असते. धुराचा रंग, इंजिनाचा आवाज, हाताला लागणारी उष्णता आणि रात्रभर उभ्या असलेल्या जागी जमिनीवर पडलेला तेलाचा थेंब ही त्याची भाषा होय. ही भाषा ज्यास कळली, त्याचे यंत्र ऐन वाफशाच्या वेळी बंद पडत नाही. ज्याने तिकडे दुर्लक्ष केले, त्याच्यावर बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणण्याची पाळी येते. कर्जाचा हप्ता चालू, यंत्र मिस्त्रीच्या दारात आणि पेरणीचे चार दिवस हातचे गेलेले, असा तिहेरी तोटा त्यास सोसावा लागतो. यास्तव, घरच्या माणसांनी घरच्या घरी कोणती निगा राखावी आणि यंत्र वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या लेखात केला आहे.

सकाळची दहा मिनिटे

भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबाद येथील आयशर कारखान्यातून बाहेर पडला. तेव्हापासून ट्रॅक्टरची रूपे पुष्कळ बदलली, परंतु निगेचा पहिला नियम बदललेला नाही. तो नियम असा की, इंजिन सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे यंत्राभोवती फिरावे आणि ते नीट पाहावे.

प्रथम जमिनीकडे पाहावे. तेल, पाणी किंवा डिझेल गळल्याची खूण दिसल्यास ते कोठून आले याचा शोध घ्यावा. नंतर यंत्र सपाट जागी असताना तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी, आणि तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे, याची खात्री करावी. तेल कमी असणे जितके वाईट, तितकेच वरच्या खुणेपेक्षा अधिक असणेही वाईट आहे. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे, आणि कारण सापडेपर्यंत इंजिन मुळीच चालवू नये.

यानंतर रेडिएटरमधील पाणी पाहावे. हे काम इंजिन थंड असतानाच करावयाचे असते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते, व त्याने चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचा संभव असतो. रेडिएटरच्या जाळीत पाचोळा, गवताचे कण आणि धूळ अडकून वारा अडतो. बागेत काम करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. ती जाळी मऊ ब्रशाने रोज स्वच्छ करावी.

शेवटी चाकांची हवा, चाकांचे नट आणि पट्ट्याचा ताण पाहावा. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारणतः एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. फार सैल पट्टा घसरतो व झिजतो. फार ताठ पट्टा बेअरिंग खातो.

धूळ हा इंजिनाचा शत्रू

इंजिन डिझेल पिते हे सर्वांस दिसते, परंतु ते हवा किती घेते, हे सहसा ध्यानात येत नाही. एक लिटर डिझेल नीट जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालत असताना ही सारी हवा धुळीच्या लोटातून ओढली जाते. ती धूळ सिलिंडरात गेली तर तेलाशी मिसळून कानशीसारखे काम करते, आणि पिस्टन व रिंगा थोड्याच काळात झिजतात. म्हणून हवेच्या गाळणीची निगा ही सर्व निगांत श्रेष्ठ मानावी.

गाळणी दोन प्रकारची असते. तेलाच्या गाळणीत खालच्या वाटीतील तेल खुणेइतके असावे, आणि तळाशी चिखलाचा थर साचला, की ते तेल टाकून वाटी डिझेलने धुवावी व नवे तेल भरावे. खुणेपेक्षा अधिक तेल भरू नये; कारण ते इंजिनात ओढले जाते. कागदाची गाळणी मात्र पाण्याने किंवा डिझेलने धुवावयाची नसते. ती हलक्या हाताने झटकावी, किंवा कमी दाबाची हवा आतून बाहेर सोडून स्वच्छ करावी, आणि फाटलेली आढळल्यास तत्काळ बदलावी. गाळणीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीस चीर पडली असेल तर गाळणी कितीही स्वच्छ असली तरी तिचा उपयोग होत नाही.

डिझेलच्या बाबतीतही स्वच्छतेस असेच महत्त्व आहे. साठविलेले डिझेल किमान एक दिवस स्थिर राहू द्यावे आणि तळचा गाळ ढवळू न देता वरचे घ्यावे. टाकी सायंकाळी काम संपल्यावर भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प जमते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते.

धुराचा रंग काय सांगतो

धूर सतत काळा येत असेल तर इंजिनावर शक्तीबाहेरचा भार पडत आहे, किंवा हवेची गाळणी तुंबली आहे, असे प्रथम समजावे. निळसर धूर हे इंजिनातील तेल जळत असल्याचे लक्षण होय. रिंगा झिजल्या असण्याचा संभव त्यावरून दिसतो. सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येऊन तो लवकर थांबला तर चिंतेचे कारण नाही. परंतु इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल पुरते जळत नाही, किंवा त्यात पाणी आहे, असे मानून जाणकारास दाखवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहान ट्रॅक्टर हा लहानच असतो. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या दोन ओळींतून चालण्यासाठी तो मुद्दाम अरुंद व हलका केलेला असतो. त्यास मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार जोडणे किंवा उसाची भरलेली ट्रॉली लावणे म्हणजे कालवडीस जू चढविण्यासारखे आहे. अवजार खरेदी करताना त्यास किती अश्वशक्ती लागते हे विचारावे व आपल्या ट्रॅक्टरच्या शक्तीशी ते ताडून पाहावे.

बागेत फवारणीचा ब्लोअर चालविल्यानंतर ट्रॅक्टर आणि ब्लोअर दोन्ही त्याच दिवशी पाण्याने धुवावीत. मोरचूद, गंधक यांसारखी द्रव्ये लोखंडावर राहिल्यास ते झपाट्याने गंजते. धुतल्यानंतर ग्रीसच्या सर्व निपलांत ग्रीस भरावे. असे केल्याने आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

पॉवर टिलर : खाचरातील आणि उतारावरील दक्षता

कोकणातील लहान भातखाचरांत चिखलणीसाठी पॉवर टिलर सोयीचा पडतो. चिखलातून काढल्यावर तो पाण्याने धुवावा, दात्यांत गुंतलेले गवत व दोऱ्या काढाव्यात, आणि दात्यांचे नट-बोल्ट पुन्हा आवळावेत. दात्यांच्या आसाशी असलेले सील झिजले, की चिखलाचे पाणी गिअरपेटीत शिरते. म्हणून हंगामात गिअरपेटीतील तेलाचा रंग अधूनमधून अवश्य पाहावा. दात्यांत अडकलेली वस्तू काढावयाची असल्यास इंजिन पूर्णपणे बंद करावे. यंत्र मागे घेताना दाते फिरते ठेवू नयेत. चालविणाऱ्याचे पाय त्याच बाजूस असतात.

उतारावरील एक धोका अनेकांस ठाऊक नसतो. सपाट जमिनीवर डाव्या मुठीखालील क्लच दाबला, की टिलर डावीकडे वळतो. परंतु तीव्र उतारावरून खाली येताना तोच क्लच दाबला, तर डावे चाक मोकळे सुटून वेगाने फिरते, उजवे चाक इंजिनाने रोखलेले राहते, आणि टिलर उजवीकडे वळतो. वरकस जमिनीवरून किंवा उंच बांधावरून खाली उतरताना या उलट वळणामुळे यंत्र दरीकडे जाण्याचा धोका असतो. अशा जागी क्लचचा वापर टाळावा, सर्वांत हळू गिअर आधीच घालावा, आणि दांड्यास हाताने रेटा देऊन दिशा सांभाळावी.

गवत कापण्याचे यंत्र

रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडील आंबा-काजूच्या बागांत पावसाळा सरल्यावर पुरुषभर गवत माजते. ते वेळीच कापले नाही तर वाळून वणव्यास आमंत्रण ठरते. हिरवे असतानाच कापले तर चाऱ्यास किंवा झाडांच्या आळ्यांत आच्छादनास उपयोगी पडते. या कामासाठी खांद्याला अडकविण्याचे किंवा पाठीवर घेण्याचे यंत्र आता घरोघर दिसते. हे यंत्र लहान असल्यामुळे त्यास फारशी निगा लागत नाही असे समजणे चूक आहे.

यातील काही यंत्रांची इंजिने टू-स्ट्रोक, तर काहींची फोर-स्ट्रोक असतात. टू-स्ट्रोक इंजिनास पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावाचून दुसरे वंगण मिळत नाही. नुसते पेट्रोल घातल्यास असे इंजिन थोड्याच वेळात जाम होते. उत्पादकाने एकास पन्नास असे प्रमाण सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर, आणि एकास पंचवीस सांगितले असल्यास ४० मिलिलिटर तेल मिसळावे. अंदाजाने न ओतता मापाने मोजावे. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तेल निराळे भरावयाचे असते. त्याच्या पेट्रोलात तेल मिसळू नये.

आज मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या दमट हवेत ही गोष्ट अधिक जाणवते. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण तयार करावे, आणि ते महिन्याहून अधिक काळ ठेवू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधील उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. असे न केल्यास पुढील वर्षी कार्बोरेटरची बारीक छिद्रे चिकट थराने बुजलेली आढळतात.

वापरताना पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट व अंगावर पूर्ण कपडे असावेत. पात्यावरील संरक्षक पत्रा काढून ठेवू नये. पात्याचा फटका बसलेला खडा गोळीसारखा उडतो. म्हणून माणसे, मुले व गुरे किमान १५ मीटर दूर ठेवावीत. काम सुरू करण्यापूर्वी बागेतील दगड, तारा व बाटल्या उचलाव्यात. बहुतेक यंत्रांचे पाते वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून यंत्र उजवीकडून डावीकडे फिरवीत कापावे. पात्याची पुढील उजवी बाजू बुंध्यास किंवा दगडास लागल्यास यंत्र जोराने उसळते, हे विसरू नये. झाडाच्या बुंध्याजवळ एक हातभर जागा विळ्याने साफ करावी. नायलॉनच्या दोरीनेसुद्धा कोवळ्या कलमाची साल चहूबाजूंनी सोलली जाते, आणि असे कलम पुढे वाळून जाते.

वाळलेल्या गवतात तापलेले यंत्र ठेवू नये. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, विडी-सिगारेट दूर ठेवावी, आणि भरलेल्या जागेपासून चार पावले बाजूस जाऊन मगच यंत्र सुरू करावे.

जिवाची किंमत

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांचे नुकसान पैशाने भरून येते. पुढील चुकांचे येत नाही.

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दांडा सामान्यतः मिनिटास ५४०, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. अवजारास जोडणाऱ्या सुमारे ७ सेंटिमीटर जाडीच्या दांड्यास कपड्याचे टोक अडकले, तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाते. खांद्यावरचे उपरणे किंवा लुगड्याचा पदर अडकल्यावर माणसास ओरडण्याइतकीही उसंत मिळत नाही. म्हणून त्या दांड्यावरील आवरण कधीही काढू नये, तुटल्यास त्याच दिवशी नवे बसवावे, आणि दांडा फिरत असताना त्याच्याजवळ जाऊ नये किंवा तो ओलांडू नये. मळणी यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रियांनी पदर व केस घट्ट बांधावेत, हे घरच्या कर्त्या माणसाने आवर्जून पाहावे.

दुसरा धोका ट्रॅक्टर उलटण्याचा. चिखलात चाक रुतले असता पुष्कळजण चाकास लाकडी ओंडका बांधून जोराने पुढे काढू पाहतात. चाक अडकून राहिले आणि इंजिन जोर करीत राहिले, तर पुढची चाके वर उचलली जातात, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकावर उलटतो. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा, किंवा दुसऱ्या वाहनाने ओढून काढावा. ओढण्याचा भार खालच्या ओढदांड्यासच जोडावा; आसापेक्षा उंच जागी साखळी बांधणे म्हणजे ट्रॅक्टर उलटण्याची व्यवस्था करणेच होय. ज्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट व आसनाचा पट्टा असेल, तेथे ती चौकट उभी ठेवून पट्टा बांधावा. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक कडीने एकत्र जोडावेत. ते सुटे राहिल्यास वेगात एकच चाक रोखले जाऊन ट्रॅक्टर आडवा होतो.

तिसरा धोका माणसांच्या वाहतुकीचा. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात शेतकामास निघालेल्या मजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात स्त्रियांचा अंत झाला. गावोगावच्या बिनकठड्याच्या विहिरी पाहता ही घटना सर्वांनीच मनावर घेतली पाहिजे. ट्रॅक्टर व ट्रॉली ही ओझ्याची साधने आहेत, माणसांची नव्हेत. मडगार्डवर मूल बसविणे हे कौतुकाचे नसून घातक आहे. विहिरीस कठडा बांधावा. तो बांधून होईपर्यंत विहिरीपासून पुरेशा अंतरावर दगडांची ओळ लावून ट्रॅक्टरची वाट ठरवून द्यावी. ज्याच्याजवळ परवाना नाही, त्याच्या हाती चावी देऊ नये.

नोंदवही आणि वर्षाची तपासणी

ट्रॅक्टरवरील घड्याळ इंजिन किती तास चालले ते दाखविते. निगेचा हिशेब याच तासांवर करावयाचा असतो. साधारणतः दर १० तासांनी वर सांगितलेली पाहणी, दर ५० तासांनी ग्रीस, बॅटरीचे पाणी व क्लचच्या पायटाची मोकळीक, आणि दर २५० तासांच्या सुमारास इंजिनातील तेल व त्याची गाळणी बदलणे, असा क्रम असतो. नव्या यंत्रास पहिली तेलबदली लवकर करावी लागते. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जे तास दिले असतील तेच अखेर प्रमाण मानावेत, आणि ती पुस्तिका माळ्यावर न टाकता यंत्राजवळ ठेवावी.

एक साधी वही करून तीत तारीख, तास, काम, डिझेल आणि केलेली दुरुस्ती लिहावी. त्यामुळे यंत्र परवडते की नाही हेही कळते. समजा, ट्रॅक्टर ४ लाख रुपयांस घेतला आणि १० वर्षांनी तो १ लाख रुपयांस विकला जाईल. म्हणजे वर्षाची घट ३० हजार रुपये झाली. वर्षाकाठी तो ३०० तास चालला तर तासामागे १०० रुपये, आणि ६०० तास चालला तर ५० रुपये घट पडते. व्याज, विमा, डिझेल व दुरुस्ती निराळीच. ज्याचे स्वतःचे काम थोडे आहे त्याने शेजाऱ्यांच्या कामाची जोड मिळवावी, किंवा दोघा-तिघांनी मिळून यंत्र घ्यावे, हे या हिशेबावरून उघड होते.

यंत्र काही आठवडे उभे राहणार असेल तर ते धुऊन, ग्रीस भरून, टाकी पूर्ण भरून छपराखाली ठेवावे. बॅटरीची तार काढून ठेवावी, आणि उंदीर वायरी कुरतडत नाहीत, इकडे लक्ष द्यावे. खरेदीपूर्वी यंत्राचा चाचणी अहवाल पाहण्याचा आग्रह धरावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची संस्था अशा चाचण्या घेते आणि शेतकऱ्यांस प्रशिक्षणही देते. आपल्या भागातील कृषी विद्यापीठ व तालुका कृषी अधिकाऱ्यांचे कार्यालय येथेही मार्गदर्शन मागावे.

खंडेनवमीस आपण अवजारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करतो, व ट्रॅक्टरलाही झेंडूची माळ घालतो. खरिपाचे काम आटोपत आलेले आणि रब्बीचे तोंडावर आलेले, असा तो काळ असतो. त्याच दिवशी माळ घालण्यापूर्वी तेल, पट्टे, नळ्या, ब्रेक आणि पी.टी.ओ.चे आवरण यांची वार्षिक तपासणी करण्याचा परिपाठ प्रत्येक घराने ठेवावा. तसे केल्यास रब्बीच्या हंगामात यंत्र दगा देणार नाही, आणि सकाळी शेतावर गेलेला माणूस सायंकाळी सुखरूप घरी येईल.